ऑक्सिजन घरात आहे, मग ही हवा कशाला?

प्रश्न : आमच्या आत्याबाई (सासूबाई) ६७ वर्षांच्या आहेत. जन्मात कधी विडी-तंबाखूला हात लावला नाही, पण लग्न होऊन आल्यापासून चुलीपुढे बसल्या. गॅस आला तरी भाकरी आणि अंघोळीचं पाणी चुलीवरच. काही वर्षांपूर्वी सीओपीडीचं (फुप्फुसांच्या जुनाट आजाराचं) निदान झालं. पंप रोज घेतात, घरी ऑक्सिजनचं मशीनही आहे. रात्री जोरात घोरतात, मध्येच श्वास थांबतो, मग दचकून उठतात. सकाळी डोकं जड. दुपारी तांदूळ निवडताना सूप मांडीवर तसंच राहतं आणि त्यांना डुलकी लागलेली असते. आता झोपेची तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, सीओपीडी आहेच, शिवाय स्लीप ॲपनियाही आहे. मनगटातून रक्त घेतलं, त्यात कार्बन डायऑक्साइड ५६ आला. रात्री बायपॅप लावायला सांगितलं आणि ऑक्सिजनचा काटा तीनवरून एकवर आणला. घरात सगळे गोंधळून गेलोय. श्वास कमी पडतो तर ऑक्सिजन वाढवायचा की कमी करायचा? ऑक्सिजन असताना नुसती हवा सोडणारं मशीन कशाला? शेजारच्या काकांचं सीपॅप पडून आहे, ते चालेल का? लाइट गेली तर काय? आणि आत्याबाईंचं म्हणणं, ‘हे व्हेंटिलेटर आहे, एकदा लागलं की सुटत नाही.’
— एक वाचक, ता. कराड

उत्तर : पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण तो उलगडला की बाकीचे बरेचसे आपोआप सुटतील. श्वास दोन कामं करतो. ऑक्सिजन आत आणतो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. कोविडनंतर बोटाला लावायचा चिमटा घरोघरी आला आणि आपल्या सगळ्यांचं लक्ष पहिल्याच कामावर खिळून राहिलं. चिमट्यावर ९२ दिसलं की जिवात जीव येतो, ८५ दिसलं की धावपळ होते. पण तो चिमटा कार्बन डायऑक्साइडबद्दल एक अक्षरही सांगत नाही. तो मोजायला मनगटातल्या धमनीतून रक्त घ्यावं लागतं. ती सुई चांगलीच दुखते, म्हणून बरेच जण ही तपासणी टाळतात. निरोगी माणसात हा आकडा ३५ ते ४५ असतो. आत्याबाईंचा ५६ आहे. म्हणजे आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेचं एकूण मापच कमी पडतंय.

नाकाला लावलेली ऑक्सिजनची नळी आत जाणारी हवा कसदार करते, पण श्वास मोठा करत नाही. छातीचे स्नायू थकलेले असतील, घसा मिटत असेल, तर प्रत्येक श्वास उथळच राहतो. ऑक्सिजन वाढवला की चिमट्यावरचा आकडा सुधारतो, घरचे निर्धास्त होतात आणि कार्बन डायऑक्साइड मात्र साचत राहतो. या आजारात माझ्या मते सर्वांत धोक्याची गोष्ट हीच आहे : आकडा चांगला दिसतो आणि माणूस सुस्तावत जातो.

ऑक्सिजन जास्त झाल्याने कार्बन डायऑक्साइड आणखी वाढूही शकतो. फुप्फुसाच्या ज्या भागांत हवा नीट पोचत नाही, तिथला रक्तपुरवठा शरीर स्वतःहून आखडतं आणि रक्त चांगल्या भागांकडे वळवतं. बाहेरून भरपूर ऑक्सिजन मिळाला की ही आखडलेली वाट पुन्हा सैल होते, आणि जिथून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडूच शकत नाही अशा भागांतून रक्त वाहू लागतं. ऑक्सिजनने भरलेलं हिमोग्लोबिनही कार्बन डायऑक्साइड कमी वाहून नेतं. भरीला मेंदूची श्वास घेण्याची निकड थोडी मंदावते. म्हणून अशा रुग्णांत चिमट्यावर ८८ ते ९२ हेच लक्ष्य ठेवतात, ९८ नाही. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात रुग्णवाहिकेतून आणलेल्या रुग्णांवर याचा रीतसर अभ्यास झाला आणि २०१० साली तो प्रसिद्ध झाला. सरसकट भरपूर ऑक्सिजन दिलेल्यांपेक्षा मोजूनमापून दिलेल्या सीओपीडीच्या रुग्णांत मृत्यू बरेच कमी होते. तेव्हा डॉक्टरांनी काटा खाली आणला, तो विचारपूर्वक. पण म्हणून ऑक्सिजन बंद करू नका. रक्तातला ऑक्सिजन खरोखर कमी असलेल्या सीओपीडीच्या रुग्णांचं आयुष्य रोज किमान १५ तास ऑक्सिजन घेतल्याने वाढतं, हे १९८०-८१ सालापासून सिद्ध आहे. सांगितलेला डोस पाळायचा. कुणी पाहुणा आला आणि ‘धाप लागतेय, वाढवा की जरा’ म्हणाला, तरी काट्याला हात लावायचा नाही.

आता रात्रीचं. झोपेत आपल्या सगळ्यांचाच श्वास थोडा उथळ होतो. स्वप्नं पडतात त्या टप्प्यात तर मान, खांदे आणि बरगड्यांमधले स्नायू जवळजवळ ढिले पडतात आणि सगळा भार छाती-पोटामधल्या पडद्यावर, म्हणजे डायफ्रामवर येतो. निरोगी माणसाला ते कळतही नाही. सीओपीडीत फुप्फुसांत हवा अडकून ती फुगलेली असतात, त्यामुळे हा पडदा खाली दाबला जाऊन सपाट झालेला असतो. त्याला फारसं आत-बाहेर होता येत नाही. दिवसा हे लोक मान-खांद्यांच्या जोरावर श्वास ओढतात. आत्याबाई दम लागल्यावर गुडघ्यांवर हात टेकून पुढे झुकत असतील, ते त्याचसाठी. झोपेत तो आधारही जातो. स्वप्नांचा टप्पा रात्रीच्या उत्तरार्धात लांबत जातो, म्हणून पहाट सर्वांत वाईट. सकाळचं जड डोकं हे रात्रभर साचलेल्या कार्बन डायऑक्साइडचं लक्षण असू शकतं. तो मेंदूतल्या रक्तवाहिन्या रुंदावतो. अशा डोकेदुखीला पित्त म्हणून वर्षानुवर्षं गोळ्या घेणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत.

त्यात स्लीप ॲपनियाची भर. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट मिटते, छाती ओढत राहते पण हवा जात नाही, ऑक्सिजन घसरतो, मेंदू खडबडून जागा होतो, वाट उघडते आणि मोठ्याने घोरत श्वास परत येतो. तासाला असे ३० किंवा अधिक अडथळे आले तर आजार तीव्र समजतात. नुसता ॲपनिया असलेल्या माणसाची फुप्फुसं चांगली असतात. दोन अडथळ्यांच्या मधल्या वेळात तो भराभर श्वास घेऊन हिशेब चुकता करतो. सीओपीडीच्या रुग्णाला तेवढी ताकदच नसते. त्यामुळे दोन्ही आजार एकत्र आले की ऑक्सिजन जास्त खोल घसरतो आणि जास्त वेळ खालीच राहतो. एडिंबरोचे डॉ. डेव्हिड फ्लेनली यांनी १९८५ साली या जोडीला ‘ओव्हरलॅप सिंड्रोम’ हे नाव दिलं आणि तेव्हापासून डॉक्टर तिच्याकडे वेगळ्या नजरेने पाहू लागले.

इथे थोडं विषयांतर करतो, कारण मला ते गरजेचं वाटतं. सीओपीडी म्हणजे विडी ओढणाऱ्या पुरुषांचा आजार आणि घोरणं म्हणजे जाड्या पुरुषांचं, अशी समजूत आपल्याकडे घट्ट आहे. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीवर लेख लिहिला, त्यात चुलीच्या धुराला मोठं स्थान होतं. लाकूड, काटक्या, शेणकूट यांच्या धुरात रोज काही तास, अशी तीस-चाळीस वर्षं काढलेल्या बाईची फुप्फुसं विडी न ओढताही निकामी होऊ शकतात. पाळी गेल्यावर बायकांमध्ये स्लीप ॲपनियाचं प्रमाणही वाढतं, आणि बाईमाणूस घोरतं हे घरात कुणी बोलत नाही. तुम्ही सून असून हे सगळं बारकाईने पाहिलंत आणि लिहिलंत, म्हणून निदान झालं. ती चूल मात्र आता बंद करा. अंघोळीचं पाणी गॅसवर तापवा, भाकरीही गॅसवर होते.

आता हवेच्या मशीनविषयी. १९८० सालापर्यंत तीव्र स्लीप ॲपनियावर खात्रीचा उपाय एकच होता : गळ्याला भोक पाडून नळी बसवणं. सिडनीच्या रॉयल प्रिन्स आल्फ्रेड रुग्णालयात कॉलिन सलिव्हन या डॉक्टरांपुढे अशाच एका रुग्णाने ती शस्त्रक्रिया नाकारली. सलिव्हन यांनी व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटरवर चालणारा पंखा घेतला, नाकावर बसेल असा मास्क तयार केला आणि झोपेत त्या माणसाच्या नाकातून सतत दाबाने हवा सोडली. दाब वाढवला की श्वास सुरू, कमी केला की पुन्हा बंद. पाच रुग्णांवरचा हा अनुभव १९८१ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. त्या यंत्राचं तत्त्व साधं आहे. सायकलची रिकामी ट्यूब मिटून चपटी पडते, हवा भरली की गोल उभी राहते, घशाचंही तसंच. या मशीनमधून बाहेर पडते ती खोलीतली गाळलेली हवा. त्यात जास्तीचा ऑक्सिजन नसतो. उपयोग आहे तो दाबाचा.

हा दाब पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये मोजतात. दहाचा दाब म्हणजे नळीत पाणी दहा सेंटिमीटर वर ढकलेल एवढा. आपल्याभोवतीच्या हवेच्या दाबाच्या जेमतेम एक टक्का. ‘फुप्फुस फुटेल का’ असं बरेच जण विचारतात, म्हणून हे सांगितलं. मात्र आत्याबाईंच्या स्कॅनमध्ये फुप्फुसात हवेचे मोठे फुगे दिसले असतील किंवा पूर्वी छातीत हवा शिरून फुप्फुस दबलं असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. अशा वेळी दाब जपून ठरवावा लागतो.

सीपॅप रात्रभर एकच दाब धरून ठेवतं. श्वास घेताना आणि सोडतानाही तोच. घसा उघडा राहतो आणि नुसत्या स्लीप ॲपनियाला ते पुरतं. ओव्हरलॅपमध्येही कार्बन डायऑक्साइड वाढलेला नसेल तर सीपॅप उत्तम काम करतं. स्पेनमधल्या सारागोसाच्या डॉक्टरांनी अशा रुग्णांवर अनेक वर्षं लक्ष ठेवून २०१० साली निष्कर्ष मांडले. सीपॅप न वापरणाऱ्यांमध्ये मृत्यू आणि सीओपीडी बळावून रुग्णालयात भरती होणं जास्त होतं. वापरणारे मात्र नुसता सीओपीडी असलेल्यांइतकेच जगत होते. कोण मशीन वापरणार हे इथे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं, त्यामुळे हा पुरावा अगदी पक्का म्हणता येत नाही, तरी दिशा स्पष्ट आहे.

बायपॅपमध्ये दोन दाब असतात. श्वास सोडताना कमी, घेताना जास्त. कमी दाब घसा उघडा ठेवतो आणि फुप्फुसांत अडकलेल्या हवेमुळे पुढचा श्वास ओढायला जो जोर लागतो तोही हलका करतो. दोन दाबांमधला फरक प्रत्येक श्वासाला मागून रेटा देतो. श्वास मोठा होतो, कार्बन डायऑक्साइड धुऊन निघतो, थकलेल्या स्नायूंना रात्रभर विश्रांती मिळते. तुमच्या डॉक्टरांनी ५६ आकडा पाहून सीपॅपऐवजी बायपॅप सांगितलं ते यासाठी. ब्रिटनमध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, आजार बळावून रुग्णालयात भरती व्हावं लागल्यावर त्या झटक्यातून सावरून दोन-चार आठवडे झाल्यावरही ज्यांचा कार्बन डायऑक्साइड ५३ च्या वर होता अशा सीओपीडीच्या रुग्णांचे दोन गट केले. एकाला फक्त ऑक्सिजन, दुसऱ्याला ऑक्सिजन आणि रात्री दुहेरी दाबाचं मशीन. पुन्हा भरती किंवा मृत्यू होईपर्यंतचा काळ पहिल्या गटात १.४ महिने आणि दुसऱ्यात ४.३ महिने निघाला. ‘ऑक्सिजन असताना हवा कशाला’ याचं याहून नेमकं उत्तर मला ठाऊक नाही. त्या चाचणीत स्लीप ॲपनियाचे रुग्ण घेतलेले नव्हते. पण ज्याला दोन्ही आजार आहेत त्याला घसा उघडा राहण्याचा लाभ वरून मिळतो. एक मात्र डॉक्टरांना विचारून घ्या. आत्याबाईंचं रक्त आजार बळावलेला असताना घेतलं होतं की प्रकृती स्थिर असताना? बळावलेल्या अवस्थेतला आकडा काही आठवड्यांत स्वतःहून उतरू शकतो, म्हणून शंका असेल तर तपासणी पुन्हा करतात.

शेजारच्या काकांच्या सीपॅपचं उत्तर यातच आलं. ते घसा उघडा ठेवेल, पण श्वासाला रेटा देणार नाही. शिवाय त्यावर बसवलेला दाब काकांच्या घशासाठी आहे. जुन्या मशीनबाबत आणखी एक सावधगिरी : जून २०२१ मध्ये फिलिप्स रेस्पिरॉनिक्सने आपली लाखो सीपॅप आणि बायपॅप यंत्रं परत मागवली, कारण आवाज कमी करण्यासाठी आत बसवलेला फोम झिजून त्याचे कण हवेच्या वाटेत येण्याची शक्यता होती. कुणाचंही पडून असलेलं मशीन त्याचा क्रमांक तपासल्याशिवाय वापरू नये. खर्चाचा प्रश्न असेल तर बायपॅप आधी महिनाभर भाड्याने घ्या. सोसतंय असं दिसलं की विकत घ्या.

आता मास्क. मशीन कितीही महागडं असलं तरी बहुतेक लोक हरतात ते मास्कपाशी, आणि डॉक्टरांकडे त्यासाठी सर्वांत कमी वेळ असतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो. आत्याबाईंना कवळी असेल तर ती रात्री काढल्यावर गाल आत जातात आणि दिवसा कवळी लावून मापलेला मास्क रात्री गळतो. माप घेताना चेहरा रात्री असतो तसा हवा. नाकात चमकी किंवा मोरणी असेल तर मास्कची सिलिकॉनची कड तिच्यावर उचलली जाते आणि तेवढ्या फटीतून हवा थेट डोळ्यात जाते. सकाळी डोळे लाल होतात. चमकी रात्रीपुरती काढायला त्या तयार आहेत का, हे आधी हळूच विचारा, कारण अनेक बायकांना ते मनातून नको असतं. तयार नसतील तर मास्कचा दुसरा प्रकार शोधावा लागेल. अंबाड्यावरून पट्टा घसरतो. झोपताना केस मोकळे सोडा किंवा सैल वेणी घाला. चेहऱ्याला खोबरेल तेल किंवा क्रीम लावलं की कड सटकते आणि सिलिकॉनही लवकर खराब होतं, म्हणून झोपण्यापूर्वी चेहरा नुसत्या साबणाने धुवावा. पट्टे आवळण्याचा मोह होतो. आवळू नका. गालाजवळ पट्ट्याखाली बोट सहज सरकायला हवं. मशीन चालू करून, आडवं झाल्यावर आणि कुशीवर वळल्यावर हवा कुठून निसटते ते तळहात फिरवून पाहा. मास्कच्या पुढच्या बाजूला बारीक छिद्रांमधून हवा येतच राहणार. ती सोडलेला श्वास बाहेर जाण्याची जागा आहे. काही घरांत ती ‘गळती’ समजून चिकटपट्टीने बंद करतात. हे कधीही करू नका.

पहिले काही दिवस दुपारी टीव्ही पाहताना किंवा हरिपाठ ऐकताना अर्धा तास मास्क लावू द्या. झोपेचा ताण नसताना चेहऱ्याला त्याची ओळख होते. तोंड कोरडं पडत असेल तर ओलाव्याचं भांडं जोडतात; त्यात डिस्टिल्ड वॉटर घालायचं आणि उरलेलं रोज सकाळी ओतून टाकायचं. मास्कची कड रोज कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने धुवा. बायपॅपला ऑक्सिजन जोडायचा असेल तर क्रम लक्षात ठेवा : आधी मशीन चालू, मग ऑक्सिजन, बंद करताना आधी ऑक्सिजन, मग मशीन. आणि ज्या खोलीत ऑक्सिजन चालू आहे तिथे देवापुढचा दिवा, उदबत्ती, काडेपेटी काहीही नको. देवघर त्याच खोलीत असेल तर पलंग हलवा.

लाइट गेली तर आत्याबाई गुदमरणार नाहीत. नाक-तोंड दोन्ही झाकणाऱ्या मास्कमध्ये एक झडप असते, ती दाब गेला की उघडते आणि बाहेरची हवा आत येते. तरी मास्क काढून ठेवणं उत्तम. घरी इन्व्हर्टर असेल तर बायपॅप त्यावर चालतं; ओलाव्याचा हीटर तेवढा बंद ठेवा, विजेचा मोठा वाटा तोच खातो. ऑक्सिजनच्या मशीनला मात्र खूप जास्त वीज लागते, त्यासाठी छोटा सिलिंडर भरून ठेवावा.

व्हेंटिलेटरच्या भीतीचं मूळ कोविडच्या दिवसांत आहे आणि ते मी समजू शकतो. त्या काळात घरचं माणूस काचेपलीकडे गेलं ते परत आलंच नाही, असं अनेकांनी पाहिलं. पण ते व्हेंटिलेटर म्हणजे घशातून नळी घालून, बेशुद्ध ठेवून चालवलेलं यंत्र. बायपॅप लावलेला माणूस स्वतः श्वास घेतो, स्वतः मास्क काढतो, उठून पाणी पितो. सवय लागत नाही, स्नायू आळशी होत नाहीत. सोडलं तर मूळ त्रास परत येतो, कारण आजार तिथेच असतो. आत्याबाईंना स्वतःच्या हाताने मास्क काढता आलाच पाहिजे, हे पहिल्याच दिवशी शिकवा. उलटी आली तर तो क्षणात निघायला हवा.

एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही, पण विचारतोच. त्या झोपेची गोळी घेतात का? झोप लागत नाही म्हणून कुणीतरी दिलेली अल्प्राझोलामसारखी गोळी अशा रुग्णाचा श्वास आणखी मंद करते. असेल तर डॉक्टरांना दाखवा. बरेच दिवस चालू असेल तर एकदम न थांबवता त्यांच्या सल्ल्याने कमी करा. आणि कधी त्या दिवसाही झोपाळलेल्या राहिल्या, बोलणं असंबद्ध झालं, हात पुढे धरल्यावर फडफडू लागले, ओठ निळसर दिसले किंवा छातीत एकदम कळ येऊन धाप वाढली, तर ऑक्सिजनचा काटा फिरवत बसू नका. थेट रुग्णालय गाठा आणि ‘यांचा कार्बन डायऑक्साइड वाढतो’ हे दारातच सांगा.

महिन्याभराने पुन्हा दाखवायला जाल तेव्हा मशीनमधलं कार्ड काढून न्या. रोज किती तास वापरलं, किती हवा गळली, श्वास अजून किती वेळा अडतोय, हे सगळं त्यावर नोंदलेलं असतं आणि दाब त्यावरूनच बदलतात. रात्री निदान चार तास तरी वापर व्हायला हवा. जितका जास्त तितका चांगला. मास्कही सोबत घ्या. आत्याबाईंना तो डॉक्टरांसमोर स्वतः लावू द्या आणि कुठे टोचतो, कुठे सुटतो ते त्यांच्याच तोंडून सांगू द्या.